चित्रकाराने मोजलेली अक्षरे

आमच्या आजोबांची एक सवय घरात सर्वांच्या चेष्टेचा विषय होती. जेवायला बसले, की वाढप होईपर्यंत त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट पाटाच्या कडेवर हळूहळू आपटत राही. कधी एकदाच, कधी लागोपाठ, कधी जरा थांबून. आजी म्हणे, यांची कचेरी काही सुटली नाही. आजोबा तार कचेरीत होते. निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षे झाली होती, तरी ते बोट मनातली वाक्ये तारेने पाठवतच होते.

त्याच घरात माझा मोठा भाऊ एका बँकेच्या संगणक विभागात काम करतो. गावोगावच्या शाखा मुख्य कचेरीशी जोडायच्या, त्या जोडणीच्या दोन्ही टोकांना राउटर नावाची यंत्रे बसवायची आणि त्यांची देखभाल करायची, हे त्याचे काम. काही शाखांची लाईन फारच मंद असे. दादा रात्री घरी येऊन कागदावर आकडेमोड करीत बसे. माहिती त्या अरुंद वाटेने जायची, तर तिला आधी आवळून लहान करावी लागते. ती कोणत्या रीतीने आवळायची, हा त्याच्यापुढचा प्रश्न असे. एक रीत राउटरच्या प्रोसेसरला फार राबवते, दुसरीला प्रोसेसरचे कष्ट कमी पण स्मरणशक्ती जास्त लागते. शाखेतले यंत्र जुने असेल, तर कोणती निवडावी?

मी कला शाखेचा विद्यार्थी. यातले मला काय कळणार? पण एका रात्री दादा कागदावर आकडे मांडत होता आणि समोर आजोबांचे बोट पाटावर चालले होते. तेव्हा मला वाटले, की ही दोघे एकाच गोष्टीच्या दोन टोकांना बसलेली आहेत. त्या कुतूहलातून मी सॅम्युअल मोर्सचे चरित्र वाचायला घेतले, आणि पहिल्याच प्रकरणात चकित झालो. ज्याच्या नावाची लिपी जगभर चालली, तो मोर्स शास्त्रज्ञ नव्हताच. तो होता चित्रकार. आपल्याच बिरादरीतला! म्हणून त्याची हकीकत विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकावर न लावता मी येथे सांगतो आहे.

सॅम्युअल फिन्ली ब्रीझ मोर्सचा जन्म 27 एप्रिल 1791 रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधील चार्ल्सटाउन येथे झाला. वडील जेडिडाया मोर्स हे धर्मोपदेशक होते. अमेरिकेच्या भूगोलावरील त्यांची पुस्तके घरोघर वाचली जात. मुलगा 1810 साली येल महाविद्यालयातून पदवीधर झाला. तेथे त्याने विजेवरची व्याख्याने ऐकली होती, पण त्याचा जीव रमला तो रंगात. विद्यार्थिदशेत लहान लहान व्यक्तिचित्रे रंगवून तो खर्चाला हातभार लावी. चित्रकलेने पोट भरत नाही, ही आईवडिलांची चिंता त्या काळी त्या देशातही होतीच. तरीही 1811 साली वॉशिंग्टन ऑल्स्टन या चित्रकाराबरोबर त्याला इंग्लंडला जाऊ दिले गेले. लंडनच्या रॉयल अकॅडमीत तो शिकला. मरणासन्न हर्क्युलिसच्या त्याने केलेल्या मातीच्या मूर्तीला 1813 मध्ये सुवर्णपदक मिळाले.

1815 साली मोर्स मायदेशी परतला तो भव्य ऐतिहासिक चित्रे काढण्याचे स्वप्न घेऊन. पण लोकांना हवी होती स्वतःची व्यक्तिचित्रे. मग गावोगाव हिंडून तो तीच रंगवू लागला. 1818 साली लुक्रेशिया वॉकर हिच्याशी त्याचा विवाह झाला. संसार उभा राहीना. कामाच्या शोधात तो सतत घराबाहेर, आणि लुक्रेशिया मुलांना घेऊन सासरी न्यू हेवनला. 1825 च्या आरंभी नशीब उघडले असे वाटले. न्यूयॉर्क शहराने त्याला सेनानी लाफायेत यांचे भव्य चित्र काढण्याचे काम दिले. त्यासाठी तो वॉशिंग्टनला गेला. लुक्रेशिया नुकतीच बाळंतीण झाली होती, पुढे सर्वांनी न्यूयॉर्कमध्ये एकत्र राहायचे ठरत होते.

7 फेब्रुवारी 1825 रोजी लुक्रेशिया एकाएकी मरण पावली. ती पंचवीस वर्षांची होती. वडिलांनी लगेच पत्र लिहिले, पण न्यू हेवन ते वॉशिंग्टन हे अंतर सुमारे 300 मैलांचे आणि टपाल घोड्यांच्या पायांनी चालणारे. पत्र पोहोचायला काही दिवस गेले. मोर्स सर्व सोडून निघाला. तो घरी पोहोचला तेव्हा तिचे दफन होऊन गेले होते.

या दुःखातूनच तारायंत्र जन्मले, असे काही लेखक लिहितात. मला तसे घाईने म्हणवत नाही, कारण तारायंत्राची कल्पना त्याला सुचली ती त्यानंतर सात वर्षांनी. पण ज्या माणसाला वार्ता उशिरा पोहोचण्याची किंमत अशा रीतीने मोजावी लागली, त्याच्या मनात ते अंतर कायम सलत राहिले असेल, एवढे मानायला हरकत नसावी.

1826 साली त्याने सहकाऱ्यांसह न्यूयॉर्कमध्ये नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइन ही चित्रकारांची संस्था स्थापन केली आणि तिचा तो पहिला अध्यक्ष झाला. 1829 मध्ये तो पुन्हा युरोपात गेला. पॅरिसमध्ये त्याने लूव्हर संग्रहालयातील एका दालनाचे मोठे चित्र रंगवायला घेतले. एकाच चित्रात अनेक थोर चित्रांच्या छोट्या प्रतिकृती! आज पाहताना गंमत वाटते, की थोड्या जागेत पुष्कळ बसवण्याचा नाद त्याला तेव्हापासून होता.

1832 च्या शरद ऋतूत सली नावाच्या जहाजातून तो परतत होता. जेवणाच्या टेबलावर चार्ल्स जॅक्सन नावाच्या सहप्रवाशाने विद्युतचुंबकाची गोष्ट काढली. तारेतून वीज कितीही लांब क्षणात जाते, असे बोलणे निघाले. मग त्या विजेने अक्षरे का पाठवू नयेत, हा विचार मोर्सच्या डोक्यात शिरला, आणि जहाजावरच त्याने वहीत खुणा मांडायला सुरुवात केली. या कल्पनेवर पुढे जॅक्सनने हक्क सांगितला आणि बरेच वादंग माजले.

न्यूयॉर्कला आल्यावर तेथील विद्यापीठात त्याला चित्रकलेच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. जागा मानाची होती, पण उत्पन्न नावापुरते. विद्यापीठाच्या इमारतीतल्या एका खोलीत तो राही, तेथेच रांधून खाई आणि तेथेच यंत्र जुळवी. कॅनव्हास ताणायची लाकडी चौकट हाच त्याच्या पहिल्या यंत्राचा सांगाडा. तिच्यावर लोंबती पेन्सिल, खाली सरकती कागदाची पट्टी आणि बाजूला विद्युतचुंबक. प्रवाह आला, की पेन्सिल हले आणि कागदावर खूण उमटे. लांबच्या तारेवर प्रवाह क्षीण होई. लिओनार्ड गेल या सहकारी प्राध्यापकाने जोसेफ हेन्री या शास्त्रज्ञाचे संशोधन त्याला समजावून दिले, तेव्हा कोठे ते कोडे सुटले. 1837 साली वॉशिंग्टनच्या संसदभवनातील चित्रांसाठी चित्रकार निवडले गेले, त्यात मोर्सचे नाव नव्हते. तो घाव त्याला फार लागला. त्यानंतर चित्रकला जवळजवळ सुटलीच.

आता मी माझ्या मूळ विषयाकडे येतो. तार एकच. तिच्यातून एका वेळी एकच खूण जाणार. तेव्हा भाषा खुणांत कशी बसवायची, हे ठरवावे लागणार होते. मोर्सपुढे हा प्रश्न होता आणि दादापुढेही तोच.

मोर्सची पहिली रीत शब्दकोशाची होती. प्रत्येक शब्दाला एक क्रमांक. पाठवणाऱ्याने कोशात क्रमांक पाहायचा, तो अंकांच्या खुणांनी पाठवायचा, आणि घेणाऱ्याने आपल्या कोशात तो शब्द शोधायचा. दहा अक्षरांचा शब्द तीन-चार अंकांत गेला, म्हणजे केवढी बचत! या कोशासाठी मोर्स 1837 मध्ये कित्येक महिने राबला. पण अडचणी दिसू लागल्या. माणसांची आणि गावांची नावे कोशात कोठून असणार? एक अंक चुकला, तर निराळाच शब्द निघणार. एक अक्षर चुकले, तर वाचणारा अंदाजाने दुरुस्त करू शकतो, पण चुकलेल्या अंकाला अंदाज लागत नाही. शिवाय दोन्ही टोकांना पाने उलटण्यात वेळ जाई, म्हणजे तारेवर वाचलेला वेळ टेबलावर खर्च होई.

इंग्लंडमध्ये कुक आणि व्हीटस्टन यांनी याच सुमारास तिसरीच वाट काढली होती. त्यांच्या पाच सुयांच्या यंत्रावर वीसच अक्षरे दाखवता येत. इंग्रजीतली सी, जे, क्यू, यू, एक्स आणि झेड ही सहा अक्षरे त्यांनी चक्क गाळली होती. त्या यंत्राला ताराही अनेक लागत.

याच वर्षी आल्फ्रेड व्हेल हा तरुण मोर्सला येऊन मिळाला. त्याने विद्यापीठातले प्रयोग पाहिले आणि तो भारावून गेला. न्यू जर्सीतील मॉरिसटाउनजवळ त्याच्या वडिलांचा स्पीडवेल नावाचा लोखंडाचा कारखाना होता. वडिलांचा पैसा, कारखान्याची हत्यारे आणि स्वतःचे कुशल हात हे सारे त्याने या कामात ओतले. 1838 च्या जानेवारीत शब्दकोश मागे पडला आणि अक्षरांची लिपी पुढे आली. त्या महिन्यात न्यूयॉर्कला झालेल्या प्रयोगात मिनिटाला दहा शब्द गेले.

लिपीतली मेख अशी, की सर्व अक्षरांना सारख्या लांबीची खूण द्यायची नाही. जे अक्षर वारंवार लागते त्याला लहान खूण, जे क्वचित लागते त्याला मोठी. पण वारंवार कोणते लागते, हे कसे ठरवायचे? त्यासाठी पुस्तके चाळत बसण्याची गरज पडली नाही. छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसमध्ये उत्तर तयारच होते. जुळारी शेकडो वर्षे अक्षरे जुळवत आले होते, आणि कोणत्या घरात किती खिळे ठेवायचे हे ते अनुभवाने जाणत होते. मोजणीत ‘ई’चे खिळे 12,000 भरले, ‘टी’चे 9,000, ‘ए’, ‘आय’, ‘एन’, ‘ओ’ आणि ‘एस’ यांचे प्रत्येकी 8,000. शेवटी ‘झेड’, अवघे 200. म्हणून ‘ई’ला मिळाले एक टिंब आणि ‘टी’ला एक रेघ. आजच्या आंतरराष्ट्रीय लिपीत टिंबाला एक मात्रा, रेघेला तीन आणि मधल्या विरामाला एक धरली, तर ‘ई’ एका मात्रेत जातो आणि ‘क्यू’ला तेरा लागतात. चित्रकार जसा मोठ्या आकाराला मोठा कुंचला आणि बारीक रेषेला बारीक घेतो, तशी ही वाटणी.

ही मोजणी नेमकी कोणी केली? व्हेलने मॉरिसटाउनच्या छापखान्यात जाऊन केली, असे त्याच्या बाजूचे लोक सांगत आले. मोर्सच्या बाजूचे श्रेय मोर्सला देतात. इतिहासाचे अभ्यासक अजून भांडत आहेत. एवढे मात्र खरे, की लिपीला व्हेलचे नाव लागले नाही. 1848 साली तुटपुंज्या पगाराला कंटाळून त्याने तारखाते सोडले आणि 1859 मध्ये, वयाच्या 51 व्या वर्षी, तो वारला.

पुढची हकीकत सर्वश्रुत आहे. सरकारने मदत द्यायला पाच वर्षे लावली. 1843 मध्ये 30,000 डॉलरचे विधेयक प्रतिनिधिगृहात 89 विरुद्ध 83 अशा काठावरच्या मतांनी पार पडले. तारा आधी नळीतून जमिनीखाली घातल्या, त्या निकामी झाल्या. मग खांब उभारले. 24 मे 1844 रोजी वॉशिंग्टनच्या संसदभवनातून सुमारे 40 मैलांवरच्या बाल्टिमोरला व्हेलकडे बायबलातले एक वाक्य गेले आणि तेच परत आले. वाक्य निवडले होते पेटंट खात्याच्या आयुक्तांच्या मुलीने. त्यानंतर कीर्ती आली, पैसा आला, आणि कज्जेही आले. 1854 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचे पेटंट मान्य केले, पण विजेने दूर अक्षरे उमटवण्याच्या साऱ्याच पद्धतींवर त्याने सांगितलेला हक्क मात्र नाकारला.

येथे मला एक अप्रिय गोष्ट लिहिणे भाग आहे. हा माणूस विचारांनी उदार नव्हता. परदेशातून येणाऱ्या कॅथलिक निर्वासितांविरुद्ध त्याने कडवट लेखन केले आणि त्याच मतावर 1836 मध्ये न्यूयॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक लढवली. तीत तो सपाटून हरला. गुलामगिरीचे त्याने जाहीर समर्थन केले, तेही यादवी युद्धाच्या काळात. दूरच्या माणसांना जवळ आणणाऱ्या यंत्राचा कर्ता शेजारच्या माणसाला माणूस मानायला तयार नव्हता! चरित्र वाचताना येथे माझे मन विटले. पुस्तक चार दिवस मिटून ठेवले. पण थोरांच्या चरित्रातली अशी पाने आपण चिकटवून टाकतो, म्हणूनच पुढे ती चरित्रे खोटी वाटू लागतात. त्यामुळे ती उघडीच ठेवतो.

लिपीचा प्रवास मात्र तिच्या कर्त्यावर अवलंबून राहिला नाही. मूळ अमेरिकन लिपीत ‘ओ’ म्हणजे दोन टिंबे आणि मधे जरा जास्त मोकळी जागा, तर ‘आय’ म्हणजे नुसती दोन टिंबे. खूण लहान खरी, पण मोकळ्या जागेचा अंदाज जरा चुकला, की घोटाळा. 1848 मध्ये जर्मनीत फ्रीडरिक गेर्के याने अशी अक्षरे बदलली, आणि 1865 च्या पॅरिस परिषदेनंतर सुधारलेली लिपी आंतरराष्ट्रीय ठरली. तिच्यात ‘ओ’ला तीन रेघा आहेत, म्हणजे अकरा मात्रा. क्वचित येणाऱ्या ‘एक्स’लाही तेवढ्याच! काटकसरीच्या हिशेबात हा तोटाच. पण तो जाणूनबुजून पत्करला, कारण लवकर पोहोचण्याइतकेच बिनचूक पोहोचणेही महत्त्वाचे.

हे वाचून मी दादाजवळ बसलो, तेव्हा त्याचे कागद मला थोडे थोडे कळू लागले. 1948 साली क्लॉड शॅनन याने या साऱ्याला गणिताचा पाया दिला. 1952 साली डेव्हिड हफमन याने लहानमोठ्या खुणा अक्षरांना वाटण्याची उत्तम रीत सिद्ध केली. म्हणजे खिळे मोजण्याचाच तो शास्त्रशुद्ध अवतार. 1977 आणि 1978 मध्ये लेंपेल आणि झिव्ह यांनी मोर्सचा टाकून दिलेला शब्दकोश पुन्हा उचलला, पण नव्या तऱ्हेने. कोश आधी छापायचा नाही, जाणाऱ्या मजकुरातूनच तो दोन्ही टोकांना आपोआप बनत जातो. राउटरमधील एक रीत याच कुळातली आहे, तीच प्रोसेसरला राबवते. दुसरी रीत पुढे काय येणार याचा अंदाज बांधते, आणि खरा ठरलेला अंदाज पाठवावाच लागत नाही. तिला स्मरणशक्ती जास्त लागते. तिसऱ्या रीतीत मजकुराला हात न लावता फक्त वरचे पत्ते आवळतात. एकाच संभाषणात प्रत्येक पाकिटावर तोच तो पत्ता पुन्हा कशाला लिहायचा? चाळीस बाईटांचा पत्ता तीन-चार बाईटांत जातो. लहान लहान पाकिटांच्या मंद लाईनीला ही रीत चांगली.

दादाचे नियम साधे आहेत. दोन्ही टोकांना एकच रीत हवी. लाईन वेगवान असेल, तर आवळण्याच्या फंदात पडू नये, कारण आवळण्यातच उशीर होतो. कोशाची पाने उलटण्यात मोर्सचा वेळ जाई, तसाच. फोटो आणि ध्वनी बहुधा आधीच आवळलेले असतात, ते पुन्हा आवळले तर काहीच हाती लागत नाही. आणि मजकूर गुप्त लिपीत घालायचा असेल, तर आधी आवळावा, मग गुप्त करावा. गुप्त झालेल्या मजकुरात वारंवार येणारे असे काही उरतच नाही.

मोर्स 2 एप्रिल 1872 रोजी न्यूयॉर्क येथे वारला. आदल्या वर्षी तेथील सेंट्रल पार्कमध्ये तारखात्यातल्या लोकांनी वर्गणी काढून त्याचा पुतळा उभारला होता. आपल्या देशात 1851 पासून कलकत्त्याजवळ तारेची लाईन चालू झाली आणि 2013 च्या जुलैमध्ये तार बंद झाली. मध्यंतरी शुभेच्छांच्या तारांना आपल्याकडे ठरावीक वाक्यांचे क्रमांक असत. लग्नाला एक क्रमांक, सणाला दुसरा. मोर्सचा पहिला कोश असा आनंदाच्या निमित्ताने जिवंत राहिला होता.

आजोबांनी एकदाच सांगितलेली गोष्ट लिहितो आणि थांबतो. ते नोकरीत नवे होते. दुपारी यंत्राची कडकट्ट सुरू झाली आणि ते नेहमीप्रमाणे ऐकत लिहू लागले. तारेत पत्ता आधी येई. तो त्यांचाच होता. पुढच्या चार-पाच शब्दांत त्यांची आई गेल्याचे वर्तमान होते. हात अक्षरे लिहीत राहिला. तार पुरी झाली, त्यांनी पोच दिली, मगच ते खुर्चीवरून उठले. संध्याकाळची गाडी त्यांना मिळाली. गावी सर्वजण त्यांच्यासाठी थांबले होते. अग्नी त्यांनी दिला.

आजोबा आता नाहीत. जेवायला बसल्यावर त्यांच्या पाटाच्या जागेकडे माझी नजर अजून जाते. दादा मात्र रोज आकडे मांडतो, एखादी मंद लाईन थोडी वेगाने चालू लागली, की त्याला बरे वाटते. शाखेच्या खिडकीपाशी कोणी तरी पैशांची वाट पाहत उभे असते, हे त्याला ठाऊक आहे. दोन मात्रा वाचवायच्या त्या कोणासाठी, हे आजोबांना ठाऊक होते आणि न्यू हेवनला उशिरा पोहोचलेल्या त्या चित्रकारालाही.

(तृतीय वर्ष कला, इतिहास)